पाणी अडवल्यानंतरचा अभ्यासक्रम

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून मृद व जलसंधारण अभियांत्रिकी शिकून निघालेल्या विद्यार्थ्याला अपधाव काढता येतो, उतार पाहून सलग समतल चरांमधलं अंतर ठरवता येतं. अहिल्यानगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेचा, तेव्हा ही विद्या हवीच. पण अडवलेलं पाणी कोणी, किती आणि कशासाठी उपसायचं, हा प्रश्न आला की संधारणाचं शिक्षण दोन पावलं मागे सरतं. तो प्रश्न राजकारणाचा, आपण इंजिनिअर, असा एक सोयीचा समज आहे.

ज्यांचं नाव 1968 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला आहे, त्यांचा तसा समज नव्हता. 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीरावांनी पावसाचं पाणी शेतात मुरावं म्हणून ताली-बंधारे बांधायला सांगितलं, आणि त्याच पुस्तकात पाटबंधारे खात्याचे अंमलदार शेतकऱ्याला कसे नाडतात तेही लिहिलं.

शेततळ्याचंच घ्या. कल्पना अशी की, वाहून जाणारं पावसाचं पाणी त्यात साठवावं आणि पावसाने ओढ दिली की पिकाला एखादं पाणी द्यावं. प्रत्यक्षात कोरडवाहू तालुक्यांतली कितीतरी शेततळी विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्याने भरतात. खाली प्लास्टिकचं अस्तर, त्यामुळे मुरणं बंद. वर उघडं ऊन, त्यामुळे बाष्पीभवन चालू. जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी वर येऊन एकाच्या नावावर जमा होतं, आणि शेजाऱ्याची विहीर लवकर तळ गाठते. घनमीटरचं गणित अचूक, अनुदानाचे कागदही चोख. डाळिंबाची बाग वाचवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही; पण याला जलसंधारण म्हणायचं का, हे वर्गात विचारलं गेलं पाहिजे.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाहुणे जातात, चरांचे आणि हिरव्या डोंगराचे फोटो काढतात. तिथलं खरं काम फोटोत येत नाही. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, शेतीसाठी बोअर न घेणं, ऊस-केळी न लावणं आणि दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडणं, हे ते काम. अर्थात छोट्या गावाला, पोपटराव पवारांसारखं टिकून राहिलेलं नेतृत्व असताना, हे जमलं. कालव्याच्या पट्ट्यात ते तसंच्या तसं उतरणार नाही.

कालव्याच्या पट्ट्यात दुखणंच उलटं आहे. भंडारदरा धरण 1926 चं. प्रवरेच्या पाटाखाली बागायत वाढली, 1950 मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे खोल काळ्या जमिनीला निचऱ्याविना पाणी मिळत गेलं आणि रानं चोपण, खारवट झाली. इथे जमीन पाणी कमी पडल्याने नाही, जास्त झाल्याने गेली. विद्यापीठाचा ‘फुले 265’ हा ऊस क्षारपड जमिनीतही तग धरतो. संशोधन म्हणून उत्तमच. पण अतिपाण्याने बिघडलेल्या रानात पुन्हा उसालाच टिकवून धरणं, यात एक अवघडलेपण आहे खरं.

शिवाय मुळा धरण राहुरीच्या उशालाच. खालच्या अंगाच्या जायकवाडी धरणात 15 ऑक्टोबरला उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचा वाद पेटतो, त्यात मुळाही असतं. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातलं समन्यायी वाटप समजून घ्यायला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळेल?

हे प्रश्न विचारायचे कोणी? खासगी सल्लागार पैसे देणाऱ्याला बांधील असतो. सरकारी विद्यापीठ करदात्यांच्या पैशावर चालतं, म्हणून गैरसोयीचा हिशेब मांडणं त्यालाच शक्य आहे. कृषी पदवीचे विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात राहून बीजप्रक्रियेची, माती नमुन्याची प्रात्यक्षिकं देतात. त्यांनी आणि संधारणाच्या विद्यार्थ्यांनी मिळून एका गावाच्या विहिरींची पातळी, पाऊस आणि पेरा वर्षभर नोंदवून तो ताळेबंद ग्रामसभेत वाचावा. वाद होतील. कोणाच्या बोअरचा उल्लेख का केला, म्हणून सरपंच विभागप्रमुखांना फोन करतील. गुण द्यायचे कसे, हाही पेच पडेल. माझ्या मते, गावाचं एकमत झालं नाही तरी नोंद खरी असेल आणि ती विद्यार्थ्याने स्वतः उभं राहून वाचली असेल, तर पूर्ण गुण द्यावेत.