एक विषय राहिला आहे



मागच्या पौर्णिमेस चारकोपमधील एका विहारात वंदना आटोपली, मंडळी पांगली, आणि एक माता मागे थांबली. जवळ येऊन हळूच म्हणाली, "गुरुजी, मुलीचा एक विषय राहिला." पुढे तिला बोलवेना.

मुलीने तीन वर्षांचा जी.एन.एम.चा अभ्यासक्रम पुरा केला. वॉर्डातल्या रात्रपाळ्या केल्या, प्रात्यक्षिकात चांगले गुण मिळविले, आणि शेवटच्या वर्षी प्रसूतिशास्त्राच्या लेखी पेपरात नापास झाली. निकालाआधीच सोसायटीत पेढे वाटून झाले होते. फीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र निकालासाठी थांबत नाही. तेव्हा फेरपरीक्षेपर्यंत नोकरी हवी. एका खासगी दवाखान्याने निरोप धाडला होता, "पांढरा ड्रेस घालून या, आम्ही सिस्टरच म्हणू, निम्म्या पगारात." एका ब्यूरोने घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळण्याचे काम देऊ केले होते. त्यावर मुलीचे वडील ताडकन म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी जी घाण उपसली, ती आता माझी शिकलेली मुलगी उपसणार काय?"

वाचकहो, हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या किती वस्त्यांतून मुली नर्सिंगला जातात, हे तुम्हीच मोजून पाहा. त्यांतल्या काहींचा एखादा विषय राहतोच. निकाल आणि फेरपरीक्षा यांच्यामधले ते सहा-आठ महिने कसे काढावेत, यावर कोणी प्रवचन देत नाही. आज मी देणार आहे.

आधी लाजेविषयी. आपण बाबासाहेबांच्या पदव्या फलकावर एका ओळीत लिहितो, आणि त्या दोन पदव्यांमधली वर्षे पुसून टाकतो. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. १९१८ ते १९२० ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. परळच्या चाळीत राहून, पगारातले पैसे वाचवून, काही मित्रांकडून आणि शाहू महाराजांकडून साहाय्य घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथे १९२२ साली रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला, तर परीक्षकांनी तो पुन्हा लिहावयास सांगितला! जवळचे पैसे संपलेले. १९२३ मध्ये ते मुंबईस परतले, इकडे वकिलीला सुरुवात केली, आणि प्रबंध पुन्हा लिहून लंडनला पाठविला. त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. परीक्षकाने कागद परत केला म्हणून त्यांनी तोंड लपविले नाही, आणि पोटासाठी काम धरले म्हणून प्रबंध सोडला नाही. मग प्रसूतिशास्त्राच्या एका पेपरासाठी आपण घराची दारे का लावून घ्यावीत? अमेरिकेतसुद्धा परिचारिकेच्या परवान्याची परीक्षा नापास झालेल्यांना साधारणपणे ४५ दिवस थांबून ती पुन्हा देता येते. नापास होणाऱ्यांची सोय जगभर केलेली आहे, कारण नापास होणारे जगभर आहेत.

आता त्या पित्याच्या रागाकडे वळू. हा राग मला मोलाचा वाटतो. महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून बाबासाहेब आपल्याला सांगत आले की, मेलेली गुरे ओढू नका, हलकी कामे टाका, स्वाभिमानाने जगा. त्या शब्दावर ज्यांनी गाव सोडले, त्यांच्या नातीने दुसऱ्याची बेडपॅन उचलावी, हे बापाच्या काळजाला लागणारच.

परंतु विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे, तो त्या पित्याने ऐकावा. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहीना. तथागत आनंदासह फिरत तेथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून उचलून दोघांनी त्याला खाटेवर निजविले. त्यानंतर भिक्खूंना बोलावून तथागतांनी बजाविले की, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. तेथेच चांगल्या शुश्रूषकाची लक्षणेही दिली आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य कोणते व कुपथ्य कोणते हे कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करता यावी, मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस नसावी, आणि रोग्याच्या मनाला धीर देता यावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नर्सिंगचा अभ्यासक्रमच म्हणा ना!

मग बाबासाहेबांचे सांगणे आणि तथागतांची कृती यांत विरोध आहे काय? मला तसे वाटत नाही. बाबासाहेबांनी जे काम टाकावयास लावले, ते जन्माने गळ्यात पडलेले होते. त्याला ना दाम, ना नकाराचा हक्क, ना बाहेर पडण्याची वाट. आजाऱ्याला धुणे हे तसे काम नाही, जोवर ते तुम्ही निवडले आहे, त्याचा पगार ठरला आहे आणि ते सोडण्याची तारीख तुमच्या हाती आहे. पण पित्याची भीती अगदीच खोटी नाही, हेही मी कबूल करतो. परीक्षेची तारीख गेली, दुसरी गेली, अंगात थकवा मुरला, हप्ता मात्र चालू राहिला, की तेच काम पुन्हा वाट नसलेले होते. अशा बाया मी पाहिल्या आहेत. म्हणून काम धरतानाच त्याची मुदत धरा.

दवाखान्याच्या पांढऱ्या ड्रेसबद्दल मात्र मी कठोर आहे. राज्याच्या नोंदवहीत नाव लागल्यावाचून कोणी परिचारिका होत नाही. महाराष्ट्रात १९६६ पासून त्यासाठी स्वतंत्र अधिनियम आहे, आणि परीक्षा पास झाल्यावाचून नोंदणी नाही. रोगी 'सिस्टर' म्हणून हात पुढे करतो, तो त्या नोंदणीवर विश्वासून. त्या हातात तुम्ही सुई टोचलीत, तर तोंडाने एक शब्द न बोलताही चौथे शील मोडले, आणि त्या पगाराला सम्यक् आजीविका म्हणता येणार नाही. शिवाय काही बरेवाईट झाले तर मालक हात झटकील आणि नाव तुमचे पुढे येईल. ज्या नोंदणीसाठी तीन वर्षे झिजलात, तीच धोक्यात येईल.

जीवकाची गोष्ट आठवा. उकिरड्यावर टाकलेले ते मूल तक्षशिलेस सात वर्षे शिकून राजगृहाकडे निघाले, आणि साकेतपाशी पोहोचताच वाटखर्च संपला. तेथे एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे डोक्याच्या विकाराने पीडलेली होती. मोठमोठे वैद्य आले, पैसे घेऊन गेले, गुण नाही. जीवकाने निरोप धाडला की, आधी काही देऊ नका, बरे वाटले तर वाटेल ते द्या. ती बरी झाली आणि त्याला सोळा हजार मिळाले. पैशाची नड त्यालाही होती, पण आपल्याला जेवढे येते तेवढ्याच्याच भरवशावर त्याने काम मागितले.

तेव्हा मुलींनो, अटेंडंट म्हणून जायचे तर अटेंडंट म्हणूनच जा. पहिल्याच दिवशी सांगा, "माझा विषय राहिला आहे, मी इंजेक्शन देणार नाही, सलाईन लावणार नाही." बारा तासांच्या ड्युटीपेक्षा आठ तासांची मिळत असेल तर पगार कमी असूनही तीच घ्या, चार तास अभ्यासाचे आहेत. परीक्षेच्या दिवसांची सुट्टी आधीच ठरवून घ्या. ब्यूरो पगारातून किती कापणार, हे विचारा. आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवावयास देऊ नका. परीक्षेसाठी आणि पुढे नोंदणीसाठी तीच लागतात, आणि अडवून ठेवलेला कागद सोडविता सोडविता माणूस मेटाकुटीस येतो. घरोघरचे काम नको असेल तर मेडिकलचे दुकान आहे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नावे लिहून घेण्याचे काम आहे.

अभ्यासाचे म्हणाल, तर या मुलीचा हात शिकलेला आहे, लेखणी शिकलेली नाही. पाठ्यपुस्तके इंग्रजी, शाळा मराठी. केवळ वाचून ही अडचण सुटत नाही. प्रसूतीच्या अवस्था, पार्टोग्राफ, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, असा रोज एक प्रश्न घड्याळ लावून लिहून काढावा, आणि पास झालेल्या मैत्रिणीकडून तपासून घ्यावा. म्हाताऱ्या बाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळविताना मधला वेळ मिळतोच. तो मोबाईलला देऊ नये.

त्या पित्याला मी त्याच्याच घराची आठवण दिली. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जाच्या योजनेत चारकोपला लहान लहान भूखंड पाडले गेले. रस्ता, पाणी, गटार सरकारने द्यायचे, घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. मी म्हणालो, "दादा, तुम्ही आधी खालची खोली बांधलीत, तिच्यात राहिलात, कामावर गेलात. वर स्लॅब घातलात तेव्हा खालचे सेंटरिंग निघेपर्यंत वर संसार मांडलात काय?" ते हसले. म्हणाले, "पावसाळा होता, दोन महिने थांबलो होतो."

आई अजून अस्वस्थच होती. "पण सोसायटीत आता काय सांगू, गुरुजी? पेढे खाल्लेत सगळ्यांनी."

"एक विषय राहिला आहे, असे सांगा," मी म्हणालो, "आणि फॉर्म भरण्याची शेवटची तारीख कधी आहे?"

ती तिला ठाऊक नव्हती. मुलगी बाहेर चपलांपाशी उभी होती. तिने तेथूनच तारीख सांगितली.