मृगाआधीची फवारणी

कोळेरोगाचे औषध मारायचे ते रोग दिसायच्या आधी. मे सरत आलेला, आभाळ कोरडे, पोफळीवरची कोवळी सुपारी टवटवीत. अशा वेळी गडी लावून, पैसे मोजून घोस न् घोस भिजवून घ्यायचा. जुलैत फळाच्या देठाकडे पाणी मुरल्यासारखे गडद हिरवे डाग दिसले की उशीर झालेला असतो. फळे गळतात, आणि खाली पडलेल्या फळावर बघता बघता पांढरी लव चढते. रोग शेंड्यात उतरला तर कोंभ कुजून झाडच जाते.

फवारणी साधली तर काहीच घडत नाही. न घडलेल्या नुकसानीचा हिशेब कोणी मांडत नाही. यंदा पाऊस बरा होता म्हणतात आणि पुढच्या वर्षी फवारणी टाळतात. या रोगाचे खरे बळ मला इथेच दिसते.

रोग करणारा जीव फायटोफ्थोरा. 1845 पासून आयर्लंडचा बटाटा कुजवून लाखो माणसांचा जीव घेणाऱ्या दुष्काळामागे याचाच एक भाऊबंद होता. व्यवहारात आपण याला बुरशी म्हणतो, पण शास्त्र त्याला खऱ्या बुरशीत धरत नाही. त्याचे नाते शेवाळांशी अधिक जवळचे. हा नुसता शास्त्रज्ञांचा काथ्याकूट नव्हे. घरोघरी पडून असलेले कार्बेन्डाझिम याच्यावर चालत नाही, ते यामुळेच. याचे बीजाणू चक्क पोहतात, आणि पोहायला त्यांना फळावरचा पाण्याचा पातळ थर पुरतो. सर, मध्येच ऊन, पुन्हा सर, असे हवामान त्यांना फार मानवते.

पाणी हीच या रोगाची वाट, हे कर्नाटकातल्या मलनाडातल्या बागायतदारांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखले होते. पावसाआधी ते घोसांवर टोपडी बांधत. त्या शहाणपणाबद्दल मला फार आदर वाटतो. पुढे म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या कॅनेडियन शास्त्रज्ञाने रोगाचा शोध घेतला, 1910 मध्ये त्यावर लिहिले, आणि बोर्डो मिश्रण पोफळीच्या शेंड्यापर्यंत पोचवले. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये ते फ्रान्समधल्या द्राक्षांसाठी पुढे आणले होते.

हे मिश्रण करायचे ते असे: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत कालवायचे, चुन्याचे पाणी गाळून घ्यायचे, मग मोरचुदाचे पाणी त्यात ओतत काठीने ढवळत राहायचे. आभाळी रंग धरतो. लोखंडी कोयत्याचे पाते त्यात बुडवून बघायचे. तांबूस थर चढला तर तांबे मोकळे आहे, झाडाला चटका बसेल, चुना वाढवायला हवा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. फळावर बसलेला तांब्याचा थर वरून येणाऱ्या बीजाणूला मारतो, आत शिरलेल्याला नाही. पावसाने तो झिजतो, फळही वाढत असते, म्हणून 40 ते 45 दिवसांनी उघडीप बघून दुसरा हात.

आपली वाडी कितीही जपली तरी शेजारच्या वाडीत गेल्या वर्षीचे सुकलेले घोस शेंड्यातच लटकत असले, गळलेली सुपारी बुंध्याशी कुजत असली, तर वारा-पाऊस गडगा मानत नाहीत. कोकणात कितीतरी वाड्यांचे मालक मुंबईत असतात. आपल्याकडे औषधावर जेवढे बोलले जाते तेवढे ही फळे वेचण्यावर बोलले जात नाही, याची मला खंत आहे. पोफळीवर सरसर चढणारे गडीही आता मिळेनासे झाले. कर्नाटकात कार्बन फायबरच्या लांब काठ्यांनी जमिनीवर उभे राहून फवारतात. काठी महाग, एकट्याला परवडत नाही. गावाने मिळून एक घ्यावी, बंद वाडीच्या मालकाला फोन लावून त्याचीही फळे वेचावीत, त्याच्याही घोसांवर फवारा मारावा, आणि खर्च त्याने पाठवावा. मृगाच्या आत एवढे उरकायला हवे.