बांधणे आणि ‘बाइंड’

इंग्रजीतले ‘बाइंड’ हे क्रियापद आणि आपले मराठी ‘बांधणे’ ही दोन भावंडे आहेत. सख्खी नव्हेत, चुलत. संस्कृतातला ‘बन्ध्’ धातू आणि जुन्या इंग्रजीतले ‘बिंदन’ यांचे मूळ एकच, असे भाषापंडित सांगतात. ‘बँडेज’, ‘बंडल’, ‘बॉण्ड’ हीही त्याच घराण्यातली. कुलाबा जिल्ह्यातल्या शाळेत मराठी शिकून पुढे नॉटिंगहॅमला जन्मभर बँडेजे बांधणाऱ्या मला हे नाते निवृत्तीनंतर कळले.

गंमत अशी, की दास्य या अर्थाचा ‘बॉण्डेज’ हा शब्द मात्र या घराण्यातला नाही. तो नॉर्स भाषेतल्या ‘बोंदी’पासून निघाला, आणि बोंदी म्हणजे घरदार असलेला शेतकरी. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, पुढे अशा शेतकऱ्यांचे वेठबिगार झाले आणि शब्दाचाही मान गेला. तेव्हा बांधणे म्हणजे मुळात दास्य नव्हे. मग ते दास्य केव्हा होते?

माझ्या नोकरीच्या आरंभीची गोष्ट. एका इस्पितळात रात्रपाळीला एक म्हातारे गृहस्थ सारखी सलाईनची सुई उपटीत. वॉर्डात तीस रोगी, आम्ही दोघी. वरिष्ठांनी सांगितले, हात बांध. मी मऊ कापूस घालून पट्टीने त्यांचे मनगट पलंगाला बांधले. सुई राहिली, जीवही वाचला. पण सकाळी त्यांनी मला विचारले, “मुली, मी काय गुन्हा केला होता?” त्याचे उत्तर मला आजही सापडलेले नाही.

पुढे वाचनात आले, की येथून जवळच लिंकनच्या वेड्यांच्या इस्पितळात १८२९ साली एक रोगी रात्रभर पलंगाला जखडलेल्या स्थितीत मरण पावला. त्यानंतर तेथे बंधने कमी होत गेली, आणि १८३८ पर्यंत रॉबर्ट गार्डिनर हिल या डॉक्टराने ती पार बंद केली. त्याचे म्हणणे साधे होते: देखरेखीला पुरेशी माणसे ठेवा, म्हणजे पट्टे लागणार नाहीत. आम्ही त्या रात्री दोघींऐवजी चौघी असतो, तर मीही नुसता हात धरून बसले असते. आज इंग्लंडचा २००५ चा कायदाही सांगतो, की असहाय माणसाला आवरायचे ते त्याची हानी टाळण्यापुरतेच.

आपल्या लोकांना बांधणे परके नाही. तेफिलीनचा पट्टा मनुष्य स्वतःच्या हाताने स्वतःच्या दंडाला बांधतो आणि प्रार्थना झाली की सोडतो. आमच्या गावी खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखायला बांध घालीत. पण त्या बांधाला उघाडी असे. ओहोटीला ती उघडून आतले पाणी जाऊ देत. उघाडी नसेल तर बांधाच्या आतलेच पीक कुजेल.

वाचकहो, हा प्रश्न आता माझ्या घरात आला आहे. आमच्या ह्यांना विसरण्याचा आजार जडला आहे. गेल्या हिवाळ्यात ते पहाटे अनवाणी रस्त्यावर सापडले, म्हणून मी दाराला वरची कडी लावून घेतली. ती त्यांच्या जिवासाठी आहे, की माझ्या झोपेसाठी? खरे सांगायचे तर दोन्हींसाठी.

नर्सिंगमध्ये आम्हांला पहिला धडा असा होता: पट्टी बांधून झाली की निघून जाऊ नका, बोटांची नखे दाबून पाहा. रंग परत आला नाही तर पट्टी सोडा. कडीच्या बाबतीत मी तेच करते. रोज दुपारी दार उघडून आम्ही दोघे ट्रेंट नदीच्या बांधावर फिरायला जातो, आणि कोणत्या बाजूला वळायचे ते हे ठरवतात. त्यांच्या चेहऱ्यावर रंग येतो का, ते मी पाहत असते. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी चूक कडीची नसेल, माझी असेल.