सासवडला दिंडी सापडते

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५



सतरा दिवस इथे काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर वाचनच सुटलं होतं. मार्चमध्ये नोकरी गेली, तेव्हा ठरवलं होतं की पहाटे गीता, थोडं ध्यान, मग अभ्यास आणि अर्ज. दोन महिने जमलंही. मग एका ठिकाणी चार फेऱ्या पार पडल्या आणि पाचवीनंतर नकाराचा मेल आला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो नाही. तिसऱ्या दिवशी उठायची लाज वाटली. कोणत्या तोंडाने पोथीसमोर बसायचं?

काल रात्री पोथी उघडली. खूण जिथे होती तिथेच होती, अर्जुनाच्या प्रश्नावर.

त्याच्या आधीच अर्जुनाने तक्रार केलीय की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंतांनी उपाय सांगितला, अभ्यास आणि वैराग्य. तरी अर्जुन पुन्हा विचारतो की श्रद्धा आहे, पण प्रयत्न अपुरा पडला, मन वाटेतच ढळलं, तर त्या माणसाचं काय होतं? ना इकडचा ना तिकडचा, फाटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का?

मला हा प्रश्न फार आपला वाटतो. उपाय कळल्यावरही तो आपल्याच्याने निभेल का, ही भीती उरतेच ना.

भगवंत रागावत नाहीत. ते अर्जुनाला 'तात' म्हणतात, लेकराला म्हणावं तसं. आणि सांगतात की चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही, इथेही नाही आणि परलोकातही नाही. असा माणूस पुन्हा जन्माला येतो, आधीची समज त्याला परत मिळते आणि तिथून तो पुढे प्रयत्न करतो. पूर्वीचा अभ्यासच त्याला ओढून नेतो.

आमच्या कामात काही प्रोग्रॅम रात्रभर चालतात. मधेच बंद पडले तर सगळं पहिल्यापासून करावं लागू नये, म्हणून ठरावीक टप्प्यावर झालेलं काम साठवून ठेवतात. त्याला चेकपॉइंट म्हणतात. प्रोग्रॅम पडतो, पण पुन्हा सुरू होतो तो शेवटच्या चेकपॉइंटपासून. मी मात्र सतरा दिवस असं धरून चाललो होतो की माझं सगळं पुसलं गेलं.

एक गोष्ट स्वतःलाच बजावतो. भगवंत इथे 'नोकरी मिळेल' असं म्हणत नाहीत. या श्लोकांचा तसा अर्थ काढला तर पुढच्या नकाराला श्रद्धाही जाईल. वचन फळाचं नाही. केलेला प्रयत्न वाया जात नाही, एवढंच वचन आहे. आज मला तेवढं पुरे आहे.

सकाळी बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, वाचन सुटलं माझं." ते म्हणाले, "अरे, दिवेघाटात काय झालं होतं तुझं?"

बाबांबरोबर पहिल्यांदा माउलींच्या पालखीत चाललो होतो. पुणे ते सासवड हा मोठा टप्पा. घाटात पायाला फोड आले आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो. दिंडी पुढे गेली. शेवटी एका टेम्पोत बसून रात्री सासवडला पोचलो, मान खाली घालून. कुणी विचारलं नाही की चालत आलास की बसून. एका माउलींनी ताटात भाकरी वाढली, दुसऱ्यांनी पायाला तेल लावलं. सासवडला पालखीचा मुक्काम जास्त असतो. तेवढ्यात पाय सावरले आणि पुढे जेजुरीला चालत गेलो.

बाबा म्हणाले, "मागे राहिलास म्हणजे वारी सुटली असं नाही. घरी परत फिरलास तर सुटली."

तुमचंही काही सुटलं असेल, जप, अभ्यास, व्यायाम, एखाद्याशी बोलणं, तर मागचे दिवस मोजत बसू नका. राहिलेलं सगळं एकदम भरून काढायलाही जाऊ नका. आज एकच श्लोक वाचा. मी तेवढाच वाचलाय. आता एक अर्ज भरायला बसतो.

पांडुरंगा, पडलो तर पडू दे, पण तोंड पंढरीकडे असू दे.

॥ राम कृष्ण हरी ॥