‘मला काय धाड भरलीय?’



आज जुलै महिन्याचा चौथा रविवार. प्रभू येशूचे आजी-आजोबा संत ज्योकिम व संत ॲना ह्यांचा सण २६ जुलैला येतो. त्याच्या आगेमागे येणारा हा रविवार दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली जगभरातील आजी-आजोबा व वयोवृद्ध ह्यांच्यासाठी राखून ठेवला. मिस्सानंतर आपण आपल्या वडीलधाऱ्यांना फुले देऊ, फोटोही काढू. ते व्हावेच. मला लिहायचे आहे ते मात्र बाकीच्या दिवसांविषयी.

घरभेटीला गेलो की वृद्धांकडून एक ठरलेले उत्तर मिळते, ‘मला काय धाड भरलीय, फादर?’ दुबईहून किंवा कॅनडाहून मुलाचा फोन आला की त्यालाही हेच ऐकवले जाते, आणि तो निश्चिंत होतो. फोनवर आवाज ऐकू येतो, ओट्यावरचे करपलेले पातेले दिसत नाही. आईबाप खोटे बोलतात असे मी म्हणत नाही. ज्यांनी उभा जन्म दुसऱ्याला वाढले, त्यांना मागायची सवयच नसते.

म्हणून विचारण्यापेक्षा पाहा. ओटीवर चहा घेऊन निघू नका, आत जा. गोळ्यांची पाकिटे मोजा. महिन्याच्या गोळ्या तशाच उरल्या असतील तर वाईट. महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपल्या असतील तर अधिक वाईट, विशेषतः मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या. फ्रिजमध्ये आमटी कधीची आहे? बाबांचा पट्टा दोन भोके आत गेला आहे का? न्हाणीघराच्या वाटेवर भिंतीला एकाच उंचीवर हाताचे डाग पडले असतील, तर समजा की ते भिंतीला धरून चालतात. अशा पावसात मागच्या दाराच्या शेवाळलेल्या पायरीवर एकदा पाय सरकला आणि खुब्याचे हाड मोडले, की पुढचे सगळे बदलते.

काही खुणा आम्हा धर्मगुरूंना आधी दिसतात. रोज पहाटेच्या मिस्साला पुढच्या बाकावर बसणारी बाई दाराजवळच्या बाकावर येते, कारण तिला लघवी धरवत नाही. लाजेने ती हे कोणाला सांगत नाही. मग एक दिवस येणेच थांबते आणि घरच्यांना वाटते, म्हातारीची भक्ती आटली.

एका खुणेवरून निकाल देऊ नये. विसरभोळेपणा दिसला तर आधी डॉक्टरकडे न्या. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा लघवीचा साधा संसर्ग ह्यांनीही म्हातारे माणूस गोंधळते, आणि ह्यांवर उपचार आहेत. पण आंघोळ, कपडे, जेवण, संडास, उठणे-बसणे ह्यांपैकी एक-दोन गोष्टी जर एकट्याने जमेनाशा झाल्या, तर घरात मदतीचा माणूस हवा, हे मान्य करायलाच हवे.

संत थॉमस अक्वायनस विवेकाच्या सद्गुणाच्या तीन पायऱ्या सांगतात: विचारविनिमय करणे, निर्णय ठरवणे आणि मग तो अमलात आणणे. तिसरी पायरी ते मुख्य मानतात. आपली कुटुंबे पहिल्या दोन पायऱ्यांवरच बसून असतात. ‘बघू, लग्न उरकू दे’, ‘बघू, भाऊ सुट्टीवर येऊ दे.’

मोठी अडचण असते लोकांच्या तोंडाची. ‘पोटची पोरे असताना बाई ठेवली!’ असे म्हणणाऱ्यांना मी योहानच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय वाचायला सांगेन. क्रुसावर खिळलेल्या येशूला आपल्या आईची सेवा स्वतःच्या हातांनी करता येणार नव्हती. ते हात मोकळे नव्हते. त्याने ती दुसऱ्याच्या हाती सोपवली आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. ह्याला कोणी टाकून देणे म्हणत नाही. तुमचे हात नोकरीने, स्वतःच्या आजारपणाने किंवा सातासमुद्रांनी बांधले असतील तर सेवेकरी माणूस ठेवण्यात पाप नाही. पाप आहे ते व्यवस्थाच न करण्यात.

ह्यात पैशाचा प्रश्न आहेच. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. घरी ठेवलेल्या बाईचा पगार मात्र त्यातून होत नाही. तो भावंडांनीच वाटून घ्यायचा आहे, आणि वाटणी केवळ पैशांची नको. एक सून रात्री चार वेळा उठते आणि बाकीचे ‘किती पाठवू?’ एवढेच विचारतात, हा न्याय नव्हे. तिला आठवड्यातून एक दिवस मोकळा द्या. ठेवलेल्या बाईलाही द्या; तिचीही कुठेतरी आई असते.

देणगीबद्दलही बोलतो. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, आईबापाच्या वाट्याचे धन ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहून मोकळे होणाऱ्यांना येशूने खडसावले आहे. आई ओल्या अंथरुणात आणि मुलाचे नाव सणाच्या देणगीदारांत सर्वांत वर, अशी पावती फाडायला मला आनंद होणार नाही. ते पैसे आधी आईवर खर्च करा.

आणखी एक, जरा कडू. उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात आंधळ्या इसहाकाला ताटात आवडीचे जेवण वाढून, हाताला करडाचे कातडे गुंडाळून फसवले गेले. वारसाहक्काची घाई होती ना! आजही सेवा सुरू होते आणि पाठोपाठ सातबाऱ्याचे कागद उशाशी येतात. ज्याला आजचा वार आठवत नाही, त्याची सही घेऊ नका.

शेवटी आपल्या धर्मग्रामापुरते. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाला अजूनही काही जण ‘शेवटचा संस्कार’ समजतात आणि माणूस बेशुद्ध झाल्यावर फादरांना बोलावतात. वार्धक्याने अशक्त झालेल्यांनाही हा संस्कार घेता येतो. आजी हसत-बोलत असताना बोलवा, म्हणजे तीही प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणेल. ज्यांना चर्चला येणे जमत नाही त्यांची नावे आपल्या विभागाच्या प्रमुखांकडे किंवा कार्यालयात द्यावीत. पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही येऊ. त्या वेळी घरातले कोणी एक जण थांबा, दार उघडून कामाला निघून जाऊ नका. आणि नाव द्यायला आईबाप ‘कशाला उगाच’ म्हणाले, तरी द्या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू