शेवटच्या वर्गातले इंग्रजी

नोकरीच्या निमित्ताने स्वप्रांत सोडून आलेल्या आम्हा मंडळींत एक प्रश्न वारंवार निघतो : बारावीच्या इंग्रजीच्या वर्गातून मुलाने काय घेऊन यावे? चर्चा बहुधा गुणांपासून सुरू होते आणि गुणांपाशीच संपते. ऐंशी गुणांची लेखी परीक्षा, वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. त्यांत किती पडतील आणि शिकवणी लावावी की नाही, एवढा हिशेब झाला की विषय आटोपतो. परंतु ज्याच्याकडून आपण काही अपेक्षितो त्याची, आणि त्याबरोबर आपली स्वतःची, किंमत आपण त्या अपेक्षेतच ठरवीत असतो. म्हणून ती एकदा नीट तपासून पाहणे इष्ट होय.

पहिली अपेक्षा उपजीविकेची. तिला हलके लेखण्याचा अधिकार आम्हांस नाही. इंग्रजीत टिपणे लिहून संसार चालवणाऱ्याने इंग्रजीच्या उपयुक्ततेपुढे नाक मुरडणे शोभत नाही. तथापि चिकपेटेत राहणाऱ्यास या बाबतीत एक शंका आल्यावाचून राहत नाही. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेल्या जुन्या पेठेचा हा भाग. येथल्या रेशमी साड्यांच्या दुकानातला गुमास्ता कन्नडात भाव सांगतो, तेलुगूत घासाघीस ऐकतो, तमिळमध्ये काठपदराची तारीफ करतो, हिंदीत हिशेब मिटवतो आणि वेळ पडल्यास कामापुरते इंग्रजीही बोलतो. सोन्याचांदीच्या गलाईसाठी सांगलीकडून देशोदेशींच्या पेठांत गेलेली आपली माणसेही परभाषा अशाच शिकली. त्यांना त्यासाठी कोणा कवीची गरज पडली नाही. भाषा केवळ पोटासाठी शिकायची तर बाजारासारखी शाळा नाही, आणि तीही बिनफीची. मग इतक्या वर्षांच्या शिक्षणाच्या शेवटी हा वर्ग कशासाठी?

उत्तरासाठी क्रमिक पुस्तकच उघडून पाहावे. बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ साली सुरू झालेल्या केंद्रीय विद्यालयांत बारावीला 'फ्लेमिंगो' नावाचे पुस्तक असते. त्यात फिरोजाबादच्या बांगड्यांच्या भट्ट्यांपुढे बालपण जाळणारी मुले आहेत, १९१७ चे चंपारण आहे, कमला दास यांची सहासष्ट वर्षांच्या आईवरील कविता आहे. स्वीडनच्या लेखिकेची कथा आहे, चिलीच्या कवीची कविता आहे. नाव इंग्रजीचे, पण आत जग नांदते आहे. शिवाय विज्ञान शाखेच्या मुलाच्या वेळापत्रकात कविता म्हणून जे काही उरते ते बहुधा याच तासाला. या वर्गाने त्याला दुसऱ्याच्या दुःखापाशी क्षणभर थांबवले नाही, तर ते काम दुसरा कोणताही तास करणार नाही.

येथेच खरी नैतिक अडचण उभी राहते. अॅव्हेन्यू रोडवरच्या पुस्तकांच्या दुकानांत तयार उत्तरांच्या मार्गदर्शिका मिळतात. आईच्या म्हातारपणाने कवयित्रीच्या मनात कोणती कालवाकालव झाली, हे तेथे चार मुद्द्यांत छापलेले असते. मुलगा ते पाठ करतो, लिहितो आणि गुण मिळवतो. त्याने कविता वाचलेली नसते. पण ती वाचून आपण हेलावलो असे तो सही-सलामत लिहून देतो. न वाटलेले वाटल्यासारखे लिहिण्याचे हे शिक्षण आहे. सतराव्या वर्षी अंगी बाणलेली ही कला पुढे फार उपयोगी पडते, हेच तिचे भय आहे.

कचेरीत बसणाऱ्यास हे अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. 'असे निदर्शनास आले आहे', 'असे वाटते', 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' : या वाक्यांत कोणाच्या निदर्शनास आले, कोणास वाटले, हे कोठेच नसते. कारभाराला अशी भाषा काही अंशी लागतेही. खुर्चीवरचा माणूस बदलला तरी निर्णय टिकावा लागतो. पण कर्ता लपवायची सवय कागदावरून मनात उतरली म्हणजे माणूस स्वतःशीही कर्मणी प्रयोगात बोलू लागतो. म्हणून वर्गाकडून आमची पहिली मागणी अशी की, मुलाने तेथे आपल्याला दिसले तेवढेच आणि आपल्याला कळले तसेच लिहायला शिकावे. इंग्रजी चार ठिकाणी अडखळले तरी चालेल; वाक्याचा कर्ता तो स्वतः असावा.

दुसरी मागणी याच पुस्तकाच्या पहिल्या धड्यातून निघते. तो धडा म्हणजे फ्रेंच लेखक आल्फाँस दोदे यांची १८७३ च्या संग्रहातील कथा. १८७०-७१ च्या युद्धानंतर अल्सास प्रांत जर्मनांकडे गेला. शाळेत फ्रेंच बंद करण्याचा हुकूम येतो. वृद्ध गुरुजींचा तो शेवटचा तास. गावकरीही येऊन बाकांवर बसतात, आणि अभ्यासाची टंगळमंगळ करणाऱ्या पोरास त्या भाषेचे मोल त्याच दिवशी कळते. परभाषेच्या वर्गात स्वभाषेचा शोक शिकवला जावा, यातील विरोध कोणाच्याही ध्यानी येईल. परंतु एक गोष्ट कथेत सांगितलेली नाही. अल्सासमधील बहुसंख्य लोक घरी जर्मन वळणाची बोली बोलत असत. ज्या फ्रेंचसाठी तेथे डोळे भरून येतात, ती त्या पोराच्या शाळेची भाषा होती. त्याच्या आजीच्या बोलीचा कथेत उच्चारही नाही.

यातून दोन्ही बाजू दिसतात. शिकलेली भाषाही जिवाभावाची होऊ शकते. तेव्हा इंग्रजी आमच्या मुलांची झाली तर आम्ही कपाळास हात लावू नये. पण शाळेची भाषा आपलीशी होत असता घरची बोली मुकाट्याने निघून जाऊ शकते. तिच्यासाठी हुकूम निघत नाही, शेवटचा तास होत नाही, कोणी मागच्या बाकावर येऊन बसत नाही. एका सुट्टीत नातू आजीला हिंदीत उत्तर देतो, इतकेच घडते.

यावर इंग्रजीला दोष देणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' १८८३ साली मराठीस दिले. याच कर्नाटकात इंग्रजीचे प्राध्यापक बी. एम. श्रीकंठय्या यांनी इंग्रजी कविता कन्नडात आणल्या, आणि 'इंग्लिश गीतगळु' या १९२६ च्या पुस्तकाने कन्नड काव्याला नवे वळण लागले. हे दोघेही इंग्रजीच्या वर्गातूनच घडले होते. त्यांना परतायला घर होते, म्हणून तेथून आणलेले धन ते घरात ठेवू शकले. आमच्या मुलांनी ते आणले तर ठेवायचे कोठे, हा प्रश्न शिक्षकाने सोडवायचा नाही. तो आमचा आहे. चाळीस मुलांच्या वर्गाला निबंध तपासून देणाऱ्या शिक्षिकेने मराठीही जगवावी, असे म्हणणे म्हणजे आपले कर्तव्य दुसऱ्याच्या टेबलावर सरकवणे होय, आणि ती युक्ती आम्हांस पुरेशी परिचित आहे.

तेव्हा अपेक्षेची वाटणी अशी असावी. वर्गाने खरे लिहिण्याची सवय लावावी आणि परक्याचे मन वाचायला शिकवावे. गुण त्यापाठोपाठ आले तर आनंदाने घ्यावेत. घराने एवढे करावे की, कमला दासांची ती कविता मुलाला कळली असेल, तर ती त्याने गावच्या आजीला मराठीत सांगून पाहावी. शब्द अडतील, ते पुरवायला आम्ही शेजारी असावे. तिला ती कविता कळली, तर इंग्रजीचा वर्ग सार्थकी लागला असे आम्ही समजू.