परक्या बाजूने बोलताना

एके काळी मोठ्या शहरांतील निवडक शाळांपुरत्या असलेल्या 'अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा' आता आपल्याही भागातील विद्यालयांतून भरू लागल्या आहेत. इंग्रजीत या प्रकाराला 'मॉडेल युनायटेड नेशन्स' म्हणतात. मुले मात्र आद्याक्षरे जोडून नुसतेच 'मन' म्हणतात आणि मोकळी होतात. हा उच्चार मराठी कानाला गमतीचा वाटतो खरा. पण या दोन-तीन दिवसांत कसोटी लागते ती बरीचशी मनाचीच. प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक देश येतो. त्या देशाच्या नावाची पाटी समोर ठेवून निर्वासितांच्या, नदीच्या पाण्याच्या वा शस्त्रांच्या प्रश्नावर त्याने त्या देशाची भूमिका मांडायची, इतरांशी बोलणी करायची आणि अखेरीस सभेने एक ठराव संमत करायचा, असा हा उपक्रम. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाच्या काळात, १९२०च्या दशकात, अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी अशा सभा भरवल्या आणि १९४५ नंतर हे लोण जगभर पसरले.

अशा परिषदांच्या जुळवाजुळवीत आमचाही थोडाफार हात असल्यामुळे पालकांचा एक प्रश्न आमच्यापाशी वारंवार येतो. मुलीच्या वाट्याला शेजारी देशावर रणगाडे धाडणाऱ्या राष्ट्राची पाटी येते. ती रात्री जागून अभ्यास करते आणि त्या राष्ट्राची बाजू अशी मांडते, की सभागृह टाळ्यांनी दुमदुमते. घरी मात्र आईवडिलांच्या मनात कालवाकालव होते. खोटे बोलू नये, हे ज्या लेकराला बोट धरून शिकवले, त्याला न पटणारी गोष्ट दुसऱ्यास पटवून देण्याचे धडे द्यायचे काय? तत्त्वाशी तडजोड करू नये, असे घरी सांगायचे आणि सभागृहात तडजोड जमवणाऱ्याची पाठ थोपटायची, हे कसे?

हे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. उद्या हीच मुले पंचायतीत, सोसायटीत, कामगार संघटनेत, कदाचित मंत्रालयात बसणार आहेत. बोलणी कशी करावी, याचे जे वळण त्यांच्या जिभेला आज पडेल, ते पुढे सहजी मोडायचे नाही.

परक्या बाजूने बोलणे म्हणजे खोटे बोलणे, असे आम्हांस वाटत नाही. असत्यामागे फसवण्याचा हेतू असावा लागतो. समोर पाटी ठेवून बोलणारी मुलगी कोणालाही फसवीत नाही. ती कोणाच्या वतीने बोलते आहे, हे सभागृहातील शेवटच्या बाकालाही ठाऊक असते. ख्रिस्तसभेने तर परक्या बाजूने बोलणाऱ्यासाठी एक पदच निर्माण केले होते. १५८७ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी संतपदाच्या चौकशीत हे पद रूढ केले आणि लोकांनी त्यास 'सैतानाचा वकील' असे नाव दिले. ज्यांना संत म्हणून घोषित करावयाचे, त्यांच्या जीवनाविषयी आणि चमत्कारांविषयी जितक्या म्हणून शंका काढता येतील तितक्या काढायच्या, हे त्याचे काम. १९८३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही कार्यपद्धती बदलली, तोवर जवळजवळ चार शतके हा विरोधाचा आवाज ख्रिस्तसभेने आपल्याच घरात सांभाळला. त्या पदावरील धर्मगुरूस कोणी खोटारडा म्हटले नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. तो वकील शंका घेई, पण पुरावा रचत नसे. आपल्या परिषदांत नेमके येथेच पाणी मुरते. एखादा चलाख प्रतिनिधी उभा राहून बिनदिक्कत आकडे फेकतो. ते तपासणारे कोणी नसते आणि आत्मविश्वास पाहून परीक्षक माना डोलावतात. हे मात्र निखळ असत्य आहे आणि त्यावर कोणत्याही देशाच्या पाटीचे पांघरूण पडू नये. म्हणून सभागृहाच्या एका कोपऱ्यात दोन शिक्षकांचे मेज असावे आणि ज्या विधानास हरकत घेतली जाईल, त्याचा आधार तेथे दाखवावा लागावा. दुसरी सूचना याहून साधी आहे. अखेरच्या दिवशी एक तास असा ठेवावा, की सर्वांनी पाट्या पालथ्या कराव्यात आणि आपापल्या नावाने बोलावे. दोन दिवस ज्या देशाचे आपण समर्थन केले, त्याचे कोठे चुकले आणि त्याला भीती तरी कशाची वाटत होती, हे मुलांनी स्वतःच सांगावे. आमचा अनुभव असा, की या तासाला मुले सर्वांत कमी पल्लेदार आणि सर्वांत चांगले बोलतात.

परक्या बाजूपेक्षा आम्हांस अधिक काळजी वाटते ती चषकाची. 'उत्कृष्ट प्रतिनिधी' या एका बक्षिसापायी सहकार्याची परिषद म्हणता म्हणता कुस्तीचा फड होतो. लेखणी हिसकावून घेणारा, दुसऱ्याचा मुद्दा आपल्या नावावर खपवणारा पुढे जातो. दोन भांडणाऱ्या गटांमध्ये शांतपणे बसून दोघांना चालेल असे वाक्य शोधणारी मुलगी गुणपत्रिकेत दिसतही नाही. हेग येथे १९६८पासून भरणाऱ्या विख्यात परिषदेत व्यक्तिगत बक्षिसे देत नाहीत. तिचे काही अडलेले नाही. खऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतही बहुतेक ठराव मतदानाविना, सर्वसहमतीने संमत होतात. आपल्याकडे मतदानाची घाई असते, कारण मतदानाशिवाय विजेता ठरत नाही.

बक्षीस काढले तर मुले मेहनत कशासाठी घेतील, असे विचारले जाते. उत्तरादाखल १९७८च्या सप्टेंबरमधील कॅम्प डेव्हिडचे उदाहरण घ्यावे. इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्राएलचे मेनाकेम बेगिन यांस अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी तेरा दिवस तेथे एकत्र ठेवले. पहिल्या काही बैठकांतच दोघांचे इतके बिनसले, की पुढे कार्टर या घरातून त्या घरात फिरत राहिले. दोन पक्षांचे दोन मसुदे झुंजवण्याचे त्यांनी टाळले. एकच कागद तयार करून तो दोघांना आळीपाळीने दाखवायचा, हा तुम्हांस मान्य आहे काय असे न विचारता यात तुम्हांस कोठे सलते एवढेच विचारायचे आणि त्याप्रमाणे कागद पुन्हा लिहायचा, अशी ती रीत. वीसहून अधिक वेळा तो लिहिला गेला. सिनाईची भूमी इजिप्तला परत हवी होती. सीमेवर शत्रूचे रणगाडे नकोत, ही इस्राएलची चिंता होती. भूमी परत देऊन तिचा मोठा भाग सैन्यापासून मुक्त ठेवता येतो, हे त्या कागदातून उमगले. आपल्या परिषदेतही दोन गटांचे दोन ठराव न मागता प्रारंभापासून एकच मसुदा मेजावर ठेवावा. मग मेहनतीला विषय पुरून उरतो.

आता तडजोडीकडे वळू, कारण खरी अडचण तेथे आहे.

१९४८च्या शरदऋतूत पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची तिसरी समिती मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा शब्दाशब्दाने तपासत होती. अध्यक्षस्थानी लेबननचे चार्ल्स मलिक होते. ऐंशीहून अधिक बैठका झाल्या. पहिल्याच कलमावर ब्राझीलच्या प्रतिनिधीने दुरुस्ती सुचवली, की मनुष्य हा देवाच्या प्रतिमेनुसार निर्माण झालेला आहे, हे जाहीरनाम्याने स्पष्ट म्हणावे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर वाढलेल्या आपल्यासारख्यांस ही सूचना किती स्वाभाविक वाटेल, हे सांगणे नको. चीनचे प्रतिनिधी पेंग चुन चांग यांनी सौम्यपणे हरकत घेतली. मानवजातीचा फार मोठा हिस्सा आमच्या देशात राहतो, त्याची परंपरा निराळी आहे. आम्ही ती येथे लादली नाही, तसाच संयम इतरांनी पाळावा. ज्यांची देवावर श्रद्धा आहे, त्यांस या कलमाच्या भारदस्त प्रारंभात देवाची कल्पना खुशाल वाचता येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ब्राझीलने दुरुस्ती मागे घेतली. त्याच वेळी मनुष्यास बुद्धी व विवेक 'निसर्गाने' लाभलेले आहेत, यातील 'निसर्गाने' हा शब्दही गाळण्यात आला. हे देणे कोणाचे, याविषयी ते कलम मौन पाळते.

ब्राझीलने देवाचे नाव मागे घेतले, ही श्रद्धेशी प्रतारणा झाली काय? आम्ही या प्रश्नावर बराच विचार केला आहे आणि आमचे उत्तर नकारार्थी आहे. युनेस्कोने त्याच सुमारास निरनिराळ्या देशांतील विचारवंतांकडून मानवी हक्कांविषयी मते मागवली होती. त्या खटाटोपात सहभागी असलेले फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ जाक मारितां यांनी नमूद केले आहे, की परस्परविरोधी विचारांची माणसे हक्कांच्या यादीवर एकमत होतात, फक्त 'का' असे त्यांना विचारू नये. मारितां यांस 'का' हा प्रश्न क्षुल्लक वाटत होता, असे नव्हे. आपलेच उत्तर खरे आहे, अशी त्यांची निष्ठा होती. पण छळछावण्यांची राख अजून निवली नव्हती आणि जगातील सर्वांचे 'का' जुळेपर्यंत थांबणे त्यांस परवडणारे वाटले नाही. पुढे ११ एप्रिल १९६३ रोजी पोप जॉन तेविसावे यांनी 'पाचेम इन तेर्रिस' हे परिपत्रक प्रसिद्ध केले, तेव्हा काही मुद्द्यांवर आक्षेप असल्याचे मान्य करूनही त्यांनी या जाहीरनाम्याचे मनापासून स्वागत केले. ज्या कागदावर देवाचे नाव नव्हते, त्यास पोपमहाशयांनी योग्य दिशेचे पाऊल म्हटले.

याच जाहीरनाम्याच्या जडणघडणीत दुसरा एक शब्द मात्र सोडला गेला नाही. मसुद्यात 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. त्यात स्त्रिया आल्याच, असे खुद्द एलिनॉर रूझवेल्ट यांसही वाटत होते. भारताच्या हंसा मेहता यांनी ते मानले नाही. काही देश या शब्दाच्या आधारे स्त्रियांना वगळतील, हे त्यांनी ओळखले आणि 'सर्व मानव' असाच शब्द हवा, असा आग्रह धरला. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळलेल्या या बाईंस, एका शब्दाने कोण दाराबाहेर राहते, हे चांगले ठाऊक असावे.

ब्राझीलचे प्रतिनिधी मागे सरले आणि मेहताबाई हटल्या नाहीत. आम्हांस दोघेही बरोबर वाटतात. एकाने आपले कारण सामायिक कागदाबाहेर ठेवले. कारण त्याच्यापाशी शाबूत राहिले. दुसरीने कागद सोडला असता, तर माणसे बाहेर राहिली असती. व्यवहारात ही रेषा इतकी स्वच्छ क्वचितच दिसते. १० डिसेंबर १९४८ रोजी ४८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, विरोधात कोणीही नव्हते, पण आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यांत वर्णभेदी दक्षिण आफ्रिका होती. एकमताच्या हव्यासापायी 'सर्व' हा शब्द पातळ केला असता, तर कदाचित तिचेही मत मिळाले असते. सहमतीचे कौतुक आम्ही वर केले, तिची किंमत येथे दिसते.

या सगळ्याला संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजात एक साधे स्थान आहे, ते म्हणजे मताचे स्पष्टीकरण. ठराव संमत झाल्यावर प्रतिनिधी उभा राहून सांगू शकतो, की आम्ही यास संमती दिली, पण अमुक शब्द आम्ही अमुक अर्थाने घेतो. सामायिक कागद आणि स्वतःचा विवेक या दोहोंस त्याने जागा मिळते. आपल्या परिषदांत वेळ संपला की पहिली कात्री याच भागावर चालते, कारण पारितोषिक वितरणाचे पाहुणे खोळंबलेले असतात!

कॅम्प डेव्हिडविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. तेथे दोन कागद झाले. इजिप्त आणि इस्राएल यांच्यासंबंधीचा कागद टिकला आणि मार्च १९७९मध्ये त्याचा तह झाला. दुसरा पॅलेस्टिनी जनतेच्या भवितव्याविषयी होता. तो बहुतांशी कागदावरच राहिला. त्या तेरा दिवसांत पॅलेस्टिनींचा एकही प्रतिनिधी तेथे नव्हता.

आपल्या परिषदेत कोण नसतो? हजारो रुपयांचे शुल्क भरू न शकणारा नसतो आणि इंग्रजी अडखळणारा तर नसतोच. खुद्द संयुक्त राष्ट्रांत सहा अधिकृत भाषा आणि दुभाष्यांची फौज असताना, धर्मग्रामाच्या सभागृहात भरणारी परिषद केवळ इंग्रजीतच व्हावी, हा हट्ट आम्हांस अनाकलनीय वाटतो. ठराव, दुरुस्ती, हरकतीचा मुद्दा, तहकुबी हे शब्द आपल्या ग्रामसभांतून केव्हाचे रुळलेले आहेत.

परिषद मराठीत घेतली, तर विषयही दूर शोधावा लागत नाही. पालघर जिल्ह्यातील कित्येक मच्छीमार गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या कैदेत पडतात. तिकडचे कोळीही तसेच आपल्या तुरुंगांत येतात. २००८च्या करारानुसार दोन्ही देशांनी दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांना द्यावयाच्या आहेत. यादी हाती पडते आणि माणूस घरी परततो, यांमध्ये किती महिने जातात, हे किनाऱ्यावरच्या बायकांना विचारावे. हा विषय घ्यावा, भारत आणि पाकिस्तान यांच्या पाट्या मांडाव्यात आणि मेजाच्या टोकाला एक मताधिकार नसलेली खुर्ची ठेवावी, कैद्याच्या घरच्यांची. मसुद्याचे प्रत्येक वाक्य त्या खुर्चीला वाचून दाखवल्याशिवाय पुढे सरकू नये. आणि पाकिस्तानची पाटी शक्यतो कोळीवाड्यातल्या मुलाच्या हाती द्यावी. त्याला ती प्रथम नको असेल. विचार करायला त्यास एक रात्र द्यावी, सक्ती करू नये. आणि त्याने पाटी घेतलीच, तर पहिले भाषण त्याला करू द्यावे.